एक नाणं, मोजायचं मात्र पाच

मोठ्या गटातल्या किंवा नुकत्याच पहिलीत गेलेल्या मुलासमोर एका बाजूला पाच रुपयांचं एक नाणं ठेवा, दुसऱ्या बाजूला एक-एक रुपयाची तीन नाणी ठेवा आणि विचारा, "जास्त पैसे कुठे आहेत?" बरीच मुलं तीन नाण्यांकडे बोट दाखवतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "अरे, ते पाचाचं आहे ना! कालच सांगितलं होतं." मूल मान डोलावतं. चार दिवसांनी विचारलं तर बोट पुन्हा तिकडेच.

माझं पीएचडीचं काम लहान मुलांच्या संख्याज्ञानावर आहे आणि राहायला मी रहाटणीत आहे. त्यामुळे सोसायटीच्या बागेत, कधी कोकणे चौकात भाजी घेतानासुद्धा मला हा प्रश्न येतो: "ताई, हिला अजून नाणी ओळखता येत नाहीत, काय करू?" म्हणून आजचा लेख. पण सुरुवातीलाच सांगून टाकते, नाणी ओळखणं हा यातला सोपा भाग आहे. "हे पाच रुपये" असं बरोबर सांगणारं मूलसुद्धा वरच्या प्रश्नात अडकू शकतं. ते का, आणि मग घरी किंवा बालवाडीत नेमकं काय करायचं, ते बघू.

मूल नियम पाळतंय

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या दोघांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्यावर एक पुस्तक लिहिलं. बालगणितात काम करणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी वाचावंच लागतं. मोजणं म्हणजे एक-दोन-तीन पाठ म्हणणं नव्हे, त्यामागे काही तत्त्वं असतात, हे त्यांनी दाखवलं. त्यातलं पहिलं म्हणजे एका वस्तूला एकच संख्या. एकही वस्तू सोडायची नाही आणि एकही दोनदा मोजायची नाही. दुसरं, संख्यांचा क्रम ठरलेला. तिसरं, शेवटी जी संख्या म्हटली तीच एकूण. आणि वस्तू कुठलीही असली तरी मोजायची रीत तीच.

हे वाचायला सोपं वाटतं, पण मुलाला ते जमायला दोन-तीन वर्षं लागतात. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या पोळ्या, दोरीवरचे चिमटे असं करत करत एकदाचं मूल बोट लावून न चुकता मोजायला लागतं. चमचा लहान असो की मोठा, तो एकच चमचा, हेही त्याला पटलेलं असतं.

आणि नेमकं तेव्हा आपण त्याच्या हातात पाचाचं नाणं देतो. वस्तू एक, मोजायची मात्र पाच! इतक्या कष्टाने मिळवलेला नियम इथे मोडतो. त्यामुळे तीन नाण्यांकडे बोट दाखवणारं मूल निष्काळजी नसतं. जे शिकवलं तेच ते प्रामाणिकपणे करत असतं. "कालच सांगितलं होतं" याचा उपयोग होत नाही तो यामुळेच. नाव सांगून नियम बदलत नाही.

आपल्या खिशातला गोंधळ

त्यात आपली नाणी मुलाला फारशी मदत करत नाहीत. लहान मूल आकारावरून अंदाज बांधतं, मोठं ते जास्त. आता एक गंमत करून बघा. घरातल्या डब्यातली सगळी चिल्लर ताटात ओता आणि फूटपट्टी घ्या. २०११ पासूनच्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि पाचाचं २३ मिलिमीटरचं. म्हणजे दोन हे पाचापेक्षा मोठं! मार्च २०१९ मध्ये नवी मालिका आली, ती दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावी म्हणून मुद्दाम चढत्या आकाराची केलेली आहे. त्यात रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५ आणि दहा २७. हे उत्तमच झालं. पण जुनी नाणी काही चलनातून गेली नाहीत. परिणामी आज जुनं दोनाचं नाणं आणि नवं पाचाचं नाणं एकाच मापाचं आहे, आणि जुनं पाचाचं व नवं दोनाचंही एकाच मापाचं. त्याच्याही आधीची, हाताच्या मुद्रा असलेली स्टीलची नाणी आठवतात का? अंगठा म्हणजे रुपया, दोन बोटं म्हणजे दोन. त्यातला रुपया २५ मिलिमीटरचा आणि दोन रुपये तर २७ मिलिमीटरचे, म्हणजे दहाच्या नाण्याएवढे.

रंगाचा आधार जरा बरा आहे. पाचाचं नाणं बहुतेक वेळा पिवळसर असतं, पण जुनी पांढरी पाचाची नाणी अजून हातात येतात. दहा आणि वीस ही दोन्ही दोन धातूंची आहेत. दहाला बाहेरची कडी पिवळी आणि मधला भाग पांढरा, तर विसाला बरोबर उलटं, शिवाय विसाच्या नाण्याला बारा कडा आहेत. मुलांना हे शोधू दिलं तर ती फार खूश होतात, आधी सांगून टाकू नका.

उरला आकडा. खरा भरवशाचा तोच. पण इथेही एक अडचण आहे, जिच्याकडे मोठ्यांचं सहसा लक्ष जात नाही. नाण्यावरचा आकडा 5 असा असतो आणि मराठी माध्यमाच्या पहिलीच्या पुस्तकात तो ५ असा असतो. दोन आणि तीन दोन्ही लिप्यांत थोडेफार सारखे दिसतात, पाच आणि एक अजिबात नाही. २०१६ नंतरच्या नव्या नोटांवर दोन्ही प्रकारचे आकडे छापलेले आहेत, नाण्यांवर मात्र एकच. त्यामुळे मराठी शाळेतलं मूल नाणं "वाचू" शकत नसेल तर आधी हे तपासा. आमच्या भागात एकाच वर्गात बीडची, लातूरची, बिहारची, कर्नाटकातली मुलं शेजारी बसतात. काहींची मोठी भावंडं सेमी-इंग्रजीत, त्यामुळे घरात दोन्ही आकडे फिरत असतात. एका कार्डावर 5 आणि ५ दोन्ही लिहून त्या कार्डावर पाचाचं नाणं ठेवायला सांगणं, एवढंसुद्धा पुरतं.

ओळखीसाठी मला सगळ्यात आवडणारी कृती आपण सगळ्यांनी लहानपणी केलेली आहे. नाण्यावर कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. याचा फायदा असा की चकाकी आणि रंग निघून जातो, कागदावर फक्त कडा आणि आकडा उमटतो. ज्याच्याकडे लक्ष जायला हवं तेवढंच शिल्लक राहतं. दुसरी कृती कापडी पिशवीची. आत हात घालून न बघता विसाचं नाणं काढायचं. आणि तिसरी वाट्यांची. चार वाट्या मांडा आणि नाणी वेगवेगळी करायला सांगा, पण कशावरून वेगळी करायची हे सांगू नका. कुणी रंगावरून करेल, कुणी चित्रावरून, कुणी "नवी आणि कळकट" अशी. मग म्हणायचं, "आता दुकानदारकाका कशी करतील?"

दुसरी-तिसरीतलं मोठं भावंडं मध्ये लुडबुड करत असेल तर त्याला भिंग देऊन सालाखालची खूण शोधायला लावा. मुंबईच्या टांकसाळीची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि खूणच नसेल तर कोलकाता. तो निदान अर्धा तास शांत बसतो.

आजी-आजोबा घरात असतील तर एक वेगळाच घोळ होतो. आजी सहज "बाराणे" म्हणून जाते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. चाराणे-आठाणे हे शब्द त्यानंतरही टिकले, पंचवीस पैशांचं नाणं मात्र ३० जून २०११ ला चलनातून गेलं. पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात, दुकानात कुणी घेत नाही ते सोडा. पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगायची गरज नाही. उलट त्याच्यासाठी एक गोष्ट सोपी झालीय, त्याच्या जगात रुपया म्हणजे एक. त्याखाली काही नाही.

दुकानाचा खेळ: खरी परीक्षा

आता मूळ मुद्दा. तेरेझिन्हा नुनेस ही ब्राझीलची संशोधक आणि पीटर ब्रायंट यांनी मुलांच्या गणिताच्या अभ्यासात एक साधा दुकानाचा खेळ वापरला. मुलाने वस्तू विकत घ्यायची आणि पैसे मोजून द्यायचे. कधी फक्त एक-एकची नाणी द्यायची, तर कधी एक मोठं नाणं आणि सोबत काही एक-एकची. रक्कम दोन्ही वेळा सारखीच. एक-एकच्या नाण्यांनी पैसे देणं लहान मुलांना बऱ्यापैकी जमतं. पण मिश्र नाणी दिली की तीच मुलं अडखळतात. त्या मोठ्या नाण्याची किंमत माहीत असूनही!

घरी करून बघायचं तर आठ रुपयांची वस्तू ठेवा. मुलाकडे पाचाचं एक आणि एक-एकची चार नाणी द्या. मग काय होतं ते फक्त बघा, बोलू नका. काही मुलं पाचाचं नाणं बाजूला सारतात आणि एक-एकची चार मोजून म्हणतात, "पुरत नाहीत." काही मुलं पाचाच्या नाण्यालाही "एक" म्हणून पुढे मोजतात. काही मुलं त्या नाण्यावर बोटाने पाच वेळा टकटक करतात, "एक, दोन, तीन, चार, पाच," आणि मग पुढची नाणी "सहा, सात, आठ." आणि काही मुलं सरळ "पाच" म्हणून सुरुवात करतात आणि सहा, सात, आठ.

यातली टकटक करणारी मुलं मला फार आवडतात. अनेक पालक तिथेच अडवतात, "असं काय करतोस, सरळ पाच म्हण ना!" कृपया अडवू नका. त्या टकटकीत मुलाने आपल्या जुन्या नियमाचा आणि नव्या नाण्याचा मेळ घातलेला असतो. नाणं एक आहे, पण त्याच्या पोटात पाच आहेत, हे त्याने आपल्या बोटाने सिद्ध केलेलं असतं. ही टकटक पुढे आपोआप गळून पडते. जे मूल ती न करता घाईने "पाच" म्हणायला शिकतं, ते अनेकदा नुसता शब्द म्हणत असतं.

गणिताच्या शिक्षणात याला मोठं महत्त्व आहे, कारण "एकाच्या पोटात अनेक" ही कल्पना फक्त पैशांपुरती नाही. दशक म्हणजे तेच. २३ मधला २ हा दोन नसून वीस आहे हे कळणं म्हणजे तेच. नाणं हा त्या कल्पनेचा मुलाला भेटणारा बहुधा पहिला नमुना, आणि तोही बाजारात चालणारा, म्हणून मुलाला त्यात रस.

मोड द्या, मोड घ्या

म्हणून माझं म्हणणं असं, की नाण्यांच्या कृतींचा मोठा वेळ ओळखण्यावर नको, मोडण्यावर घालवा. सुट्टे देणं-घेणं हाच खरा पाठ.

खेळ असा. मध्ये एक स्टीलचं ताट, ती बँक. त्यात एक, पाच आणि दहाची नाणी. सुरुवातीला दोनाची नाणी बाजूला ठेवा, ती नंतर आणा. दोन-तीन खेळाडू आणि एक फासा. जेवढं दान पडेल तेवढे रुपये बँकेतून घ्यायचे, आधी एक-एकचेच. आपल्यापुढे एक-एकची पाच नाणी जमली की ती बँकेत टाकून पाचाचं एक घ्यायचं. पाचाची दोन झाली की दहाचं एक. जो आधी तीस करेल तो जिंकला.

पहिल्या दोन दिवसांत एक गोष्ट नक्की दिसेल. मूल पाच नाणी देऊन एक घ्यायला तयार नसतं. आमच्या इमारतीतल्या एका चिमुरडीने माझ्याकडे असं बघितलं होतं की जणू मी तिला लुटतेय! तिच्या पुढ्यातली रास कमी होत होती ना. अशा वेळी पाचाच्या नाण्याशेजारी एक-एकची पाच नाणी ओळीने मांडायची आणि "या नाण्याने जेवढ्या गोळ्या येतात तेवढ्याच या पाचांनी येतात का?" असं विचारून खरोखर गोळ्या मांडून दाखवायच्या. एकदा नाही, पुष्कळदा.

आठवडाभराने खेळ उलटा करा. प्रत्येकाकडे दहाची तीन नाणी, आणि दान पडेल तेवढे बँकेला द्यायचे. पहिलंच दान तीनाचं पडतं. मूल आपल्या नाण्यांकडे बघतं आणि म्हणतं, "माझ्याकडे तीन नाहीत." आहेत की तीस! पण सुट्टे नाहीत. मग ते स्वतःच बँकेला म्हणतं, "मला याची मोड द्या." हे वाक्य ऐकायला मिळालं की मी वहीत तारीख टाकते, कारण मुलाने हे स्वतःहून मागणं आणि आपण सांगून करून घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरीत वजाबाकीला गुरुजी फळ्यावर काय सांगतात ते आठवा. ३० मधून ३ जात नाहीत, एक दशक सुटा करा. मराठीत आपण नोटही मोडतो आणि दशकही मोडतो. दुकानात मागतो ते सुट्टे आणि गणितात दशकाशेजारी ठेवतो ते सुटे. शब्द तोच आहे, क्रियाही तीच. हातच्याच्या वजाबाकीत गळणारी कितीतरी मुलं ही क्रिया कधी हाताने केलेली नसलेली मुलं असतात, असं मला वाटतं. हे माझं मत आहे, पण ताटलीतल्या नाण्यांशी खेळून तुम्हीही ते पडताळून बघू शकता.

मराठी संख्यानामांच्या बाबतीतही नाणी कामाला येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "वीस दोन" अशी संख्यानामं आली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण तेव्हा समजावून सांगितली होती. आपण त्रेपन्न म्हणताना तीन आधी म्हणतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. तुम्ही त्या वादात कुठल्याही बाजूला असा, मुलाची अडचण खरी आहे. दहाची पाच आणि एकची तीन नाणी मांडून "त्रेपन्न" म्हटलं की शब्द, नाणी आणि ५३ हे आकडे तिन्ही एकाच वेळी समोर असतात. आणि एकोणीस, एकोणतीस ही तर मोडीचीच नावं आहेत. एकोण म्हणजे एक उणे. एकोणीस रुपयांच्या वस्तूला विसाचं नाणं द्या, एक रुपया परत घ्या. मुलांना हे सांगितल्यावर "म्हणजे एकोणचाळीसला चाळीस द्यायचे!" असं ती स्वतःच पुढे जातात.

खरी नाणी की खोटी?

बाजारात प्लॅस्टिकची नाणी आणि खेळण्यातल्या नोटा मिळतात. पालक विचारतात, खरी वापरायची की ही? यावर निकोल मॅक्नील आणि तिच्या सहकाऱ्यांचा २००९ सालचा एक अभ्यास आहे, त्याचा निष्कर्ष जरा अनपेक्षित आहे. मोठ्या मुलांना पैशांची शाब्दिक उदाहरणं दिली. काहींना हुबेहूब दिसणाऱ्या नोटा-नाणी दिली, काहींना साधी, चित्रं नसलेली, आणि काहींना काहीच नाही. हुबेहूब पैसे मिळालेल्या मुलांच्या चुका जास्त झाल्या. पण त्या चुकांची जात वेगळी होती. उदाहरण काय विचारतंय हे न समजल्यामुळे होणाऱ्या चुका त्यांच्यात कमी होत्या. म्हणजे खरेपणाने अर्थ समजायला मदत झाली आणि आकडेमोडीत मात्र लक्ष विचलित झालं.

यातून मी माझ्यापुरतं असं ठरवलंय: ओळखणं, देणं-घेणं, मोड हे सगळं खऱ्या नाण्यांनी. आणि जिथे नुसता हिशेब पक्का करायचाय तिथे चिंचोके, बटणं किंवा पुठ्ठ्याच्या चकत्यांवर लिहिलेले आकडे. प्लॅस्टिकच्या नाण्यांचं मला फारसं कौतुक नाही. ती धड खरीही नसतात आणि धड साधीही नसतात.

बाजारातलं गणित वहीत का येत नाही

आता कुणी म्हणेल, मग पोराला सरळ दुकानात बसवा की, आपोआप शिकेल. हेही तपासून झालंय.

१९८५ साली नुनेस आणि तिच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारात गिऱ्हाईक होऊन विचारलेली ९८ टक्के उदाहरणं त्या मुलांनी बरोबर सोडवली. तीच आकडेमोड कागदावर दिली तर फक्त ३७ टक्के. एक नारळ ३५ चा, तर दहा नारळ कितीला? बारा वर्षांच्या नारळवाल्या मुलाने शाळेतल्यासारखं शून्य लावलं नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असं करत तो ३५० पर्यंत पोचला.

आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस यांनी के. सुब्रमणियम यांच्यासोबत धारावीतल्या मुलांवर असंच काम केलं. घरगुती कारखान्यांत हातभार लावणारी, महापालिकेच्या शाळेतली ही मुलं पैशांचे हिशेब तोंडी सफाईने करत होती. आणि २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांना त्यांनी तपासलं. बाजारात गुंतागुंतीचे हिशेब करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या तेवढ्याच किंवा त्याहून सोप्या उदाहरणांत अडकली. जवळच्या शाळांतल्या, बाजारात काम न करणाऱ्या ४७१ मुलांचं उलटं. कागदावरची साधी गणितं त्यांना जास्त बरोबर आली. पण काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवलेलं बाजाराचं एक उदाहरण त्यांच्यापैकी फक्त १ टक्का मुलांना सुटलं.

रहाटणीत मला हे दोन्ही गट एकाच गल्लीत दिसतात. नखाते वस्तीच्या बाजूला संध्याकाळी आईबरोबर भाजीच्या गाड्यावर उभी राहणारी मुलगी पन्नासातून सदतीस वजा करून परत द्यायचे पैसे क्षणात हातावर ठेवते. तिला शाळेत "गणितात कच्ची" म्हणतात. समोरच्या टॉवरमधला तिच्याच वयाचा मुलगा वहीत सगळं बरोबर करतो आणि त्याने आयुष्यात कधी कुणाकडून सुट्टे परत घेतलेले नाहीत. दोघांकडे गणिताचा अर्धा-अर्धा भाग आहे. आणि यात नुकसान कुणाचं जास्त? परीक्षा कागदावर होते, त्यामुळे अर्थातच तिचं.

नुसते खेळ घेतले तर ही दरी बुजते का? स्पेल्की आणि दुफ्लो यांनीच मोइरा डिलन यांच्यासोबत, 'प्रथम' संस्थेच्या मदतीने दिल्लीतल्या २१४ बालवाड्यांत गणिताचे खेळ घेऊन पाहिले होते. तो अभ्यास २०१७ मध्ये आला. खेळांनी मुलांची संख्यांची आतली जाण वाढली आणि ती टिकली. पण पुढे पहिलीतल्या शाळेच्या गणितात फायदा दिसला नाही. खेळात संख्याचिन्हांशी जोड नव्हती, हे त्याचं एक संभाव्य कारण.

म्हणून आपल्या ताटातल्या बँकेत एक भर घालायची, पावती. मुलाने आठ रुपये दिले की लगेच कागदावर "५ + ३ = ८" असं लिहायचं, आधी तुम्ही, मग त्याने. दहा मोडून तीन दिले की "१० − ३ = ७". एका खेळात चार-पाच पावत्या पुरे, नाहीतर खेळाची शाळा होते. भाजीच्या गाड्यावरच्या त्या मुलीसाठी तर हे सोनं आहे. तिला हिशेब शिकवायचा नाही, ती करते तो हिशेब तिच्यासमोर कसा लिहितात एवढंच दाखवायचं आहे. तिच्या बाईंनी एकदा तिला फळ्यासमोर उभं करून "तू पन्नासाचे सुट्टे कसे देतेस?" असं विचारावं आणि ती सांगेल तसं लिहीत जावं. ती बहुधा सदतीसपासून वर चढेल, तीन चाळीसला आणि दहा पन्नासला. पुस्तकातली पद्धत त्यानंतर दाखवली तरी चालेल.

टॉवरमधल्या मुलासाठी काम वेगळं आहे. त्याच्या घरात पैसे दिसतच नाहीत. आई-बाबा फोन पुढे करतात, दुकानातलं खोकं "पंधरा रुपये मिळाले" असं म्हणतं आणि बिस्किटं हातात येतात. बरोबर तेवढीच रक्कम जाते, त्यामुळे परत काही यायचा प्रश्नच नाही. मोड हा प्रकारच नाहीसा झाला. यूपीआय मीही वापरते, त्याला नावं ठेवत नाही. फक्त आठवड्यातून एकदा दुधाच्या पिशवीला किंवा कोथिंबिरीच्या जुडीला मुलाच्या हातून रोख द्या, आणि मुद्दाम जास्तीची रक्कम द्या. किती परत येतील हे आधी त्याला सांगू दे. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ निवडा, नाहीतर मागचे लोक ओरडतात आणि मूल पुन्हा जायला तयार होत नाही. कुणी "दहाचं नाणं चालत नाही" म्हणालं तर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच दहा रुपयांच्या नाण्यांचे सगळे १४ प्रकार वैध असल्याचं स्पष्ट केलंय, हे सांगा.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात मात्र नाणी देऊच नका, ती तोंडात जातात. घरात धाकटं भावंडं असेल तर खेळ टेबलावर घ्या आणि संपल्यावर नाणी मोजून डब्यात ठेवा. ही मोजणीही खेळातच धरा. चिल्लर आधी साबणाच्या पाण्यात धुवून घ्यायची, हे वेगळं सांगायला नको.

बालवाडीताईंपैकी काहींनी एका गटाला किती नाणी लागतील असं विचारलं होतं. माझा हिशेब असा: एकची वीस, पाचाची सहा आणि दहाची पाच. वीस, तीस आणि पन्नास मिळून बरोबर शंभर रुपये होतात. शंभराची नोट घेऊन कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे जा. त्यांच्याकडे नसतील तर बँकेच्या शाखेत मिळतात. जाताना वर्गातली दोन मुलंही घेऊन जा, कारण मोड मागायची ती पहिली संधी आहे.